अंगी न लागलेलं दूध

"तोंड लाव आणि एका दमात पी," वस्ताद म्हणाले. "मधी थांबलास तर दुधाची ताकद जाती."

बिरूनं चरवी तोंडाला लावली. म्हशीच्या आचळातून नुकतंच निघालेलं दूध, वर बोटभर फेस, आणि खाली त्याचा लांब गळा वरखाली होणारा. दादा, माझे वडील, म्हशीच्या पायाशी उकिडवे बसून पुढची चरवी भरत होते. मी दावणीत वैरण टाकत होते आणि न बघितल्यासारखं करून बघत होते.

रिकामी चरवी खाली ठेवून त्यानं ओठावरचा फेस मनगटानं पुसला.

"अजून वतू?" दादांनी विचारलं.

"इचारतोस काय हिंदुराव, वत. ह्याच्या अंगावर मांस चढंस्तवर गोठा ह्याचाच समज."

आमचा गोठा आणि गणपा वस्तादांची तालीम यांच्यामध्ये एकच भिंत. तालमीतल्या पोरांनी गोठ्यात येऊन धारोष्ण दूध प्यायचं, हा जुना रिवाज. बाकीची पोरं यायची, प्यायची, ढेकर देऊन जायची. बिरू आला आणि वस्ताद स्वतः त्याच्यासोबत येऊन उभे राहायला लागले. तो जतकडचा, मेंढपाळाचा पोरगा. कुठल्याशा जत्रेत वस्तादांनी त्याची कुस्ती बघितली आणि तिथंच त्याच्या आईला गाठलं. "देवानं हाडाचा साचा दिलाय," ते तिला म्हणाले, "मांस मी भरतो." नवरा मेलेली बाई ती. तिनं सांगितलं म्हणे, "मला कुस्तीतलं काय कळत न्हाय. पोटभर खायाला घाला म्हंजे झालं."

वस्तादांनी शब्द पाळला. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी त्यांच्याबद्दल बरं बोलणार नाही.

चैत्रात आमच्या भैरोबाची यात्रा. यात्रेच्या मैदानात कुस्तीची जोड अंग बघून लावतात. कागद नाही, काटा नाही. पंच दोघांना शेजारी उभं करतात, खांद्याला खांदा, दंडाला दंड, आणि ठरवतात. बिरूला तिथं मोठी जोड मिळाली पाहिजे, ही वस्तादांची जिद्द. उंची होती, डाव होते, पकड अशी की सुटता सुटत नसे. फक्त अंग नव्हतं. वस्तादांनी त्याला सगळ्यांसमोर बजावलं होतं, "यात्रेपतूर भरलास तर माझा पठ्ठ्या. न्हाय भरलास तर तुला हातानं नेऊन तुझ्या आईच्या पालावर सोडतो. काठी घे आन मेंढरं राख."

त्याच्या आईनं सगळ्या नात्यागोत्यात सांगून ठेवलं होतं, माझा बिरू पैलवान झालाय. रिकाम्या अंगानं परत जाणं त्याला मरणापेक्षा वाईट वाटायचं. हे त्यानंच मला आमच्या म्हशींच्या पाण्याच्या हौदापाशी सांगितलं होतं.

हौदापाशी तो रोज थांबायचा. एवढं दूध पिऊन झाल्यावर परत ओंजळीनं पाणी प्यायचा. ओंजळीमागून ओंजळ.

"आरं, म्हशींना ठेव की जरा," मी म्हटलं.

"तहान जात न्हाय."

"खातोस काय एवढं खारट?"

"सकाळी थंडाई. बदाम, खसखस, बडीशेप, वरनं मूठभर खडीसाखर. मग तूप-भाकरी. मग केळी. दुपारी रस्सा, अंडी, परत भाकरी. दिस कलला की उसाचा रस, गूळ-शेंगदाणं. मग तुमचं दूध."

"आन मग?"

"मग भूक लागती."

"तुझ्या पोटाला भोक हाय."

"तुझ्या म्हशी खात्यात त्ये मागनं दिसतंय तरी. माझं कुठं जातंय त्येच कळंना."

मी हसले. तोही हसला, पण हसता हसता उजव्या दंडाकडं हात गेला. त्याच्या आईनं तिथं काळ्या दोऱ्यात ताईत बांधला होता. आला तेव्हा तो दोरा दंडात रुतायचा. आता सुटून कोपरापर्यंत घसरायचा, आणि बिरू तो गुपचूप वर सरकवायचा, बाईमाणसानं पदर सावरावा तसा. मी बघितलं हे त्याला कळलं. "कुणाला बोलू नगंस," एवढंच म्हणाला.

पण वस्तादांना काय डोळे नव्हते? एके दिवशी ते तणतणत गोठ्यात आले. मागं बिरू, आणि येसू पैलवान. येसू तालमीतला सगळ्यात मोठा, बिरू येईपर्यंत वस्तादांचा लाडका.

"हिंदुराव, दुधात पाणी घालतोस?"

दादा उठून उभे राहिले. माझा बाप गरीब, पण दुधाच्या बाबतीत राजा माणूस. धुतलेली चरवी वस्तादांच्या हातात दिली, म्हशीला पान्हवलं आणि त्यांच्यादेखत धार काढली. वस्तादांनी अंगठ्याच्या नखावर थेंब धरला. तो मोत्यासारखा उभा राहिला.

"चुकलं माझं," वस्ताद म्हणाले. "दूध चोख हाय." मग बिरूकडं वळले. "मग लेका, जातंय कुठं त्ये?"

"मी सांगतो कुठं जातंय," येसू म्हणाला. "रोज राती ह्यो उठून भाईर जातोय. एकदा न्हवं, चार चारदा. गोठ्याच्या अंगाला."

आणि त्यानं माझ्याकडं बघितलं.

तालमीबाहेरच्या माणसाला हे नीट सांगायला हवं. पैलवानाचं सगळं बळ लंगोटात, ही तिथली श्रद्धा. बाईच्या वाटेला गेला की खुराक वाया. एवढा खुराक खाऊन कुणी वाळत असेल तर त्यांच्याकडं त्याचं एकच उत्तर होतं. दुसरं त्यांना सुचणारच नव्हतं.

त्याच दिवशी तालमीच्या पायरीवर बैठक बसली. मी पायरीखाली. बाईनं पायरी चढायची नाही, हा तिथला नियम. वस्तादांची बायकोसुद्धा भाकरीची पाटी खालीच ठेवून हाक मारायची.

"राती कुठं जातोस?" वस्तादांनी विचारलं.

"लघवीला."

पोरं हसली.

"चार येळा?"

"सारखी लागती, वस्ताद. मग घसा सुकतो. हौदावर जाऊन पाणी पितो."

"म्हस बी एवढी मुतत न्हाय," येसू म्हणाला. परत हसणं.

वस्ताद हसले नाहीत. त्यांनी बिरूला जवळ ओढलं आणि त्याच्या तोंडाचा वास घेतला. त्यांचा चेहरा पडला. तो वास मलाही माहीत होता, हौदापाशी यायचा. फार पिकून गेलेल्या पेरूसारखा, गोडूस आणि आंबूस.

"दारू बी?"

"न्हाय वस्ताद. बिरोबाची आन."

"देवाला मधी घालू नगंस." वस्तादांनी त्याला सोडलं. "तुझ्या आईला काय तोंड दावू मी?" मग माझ्याकडं वळले. "पोरी, तू सांग. येतोय का ह्यो तुझ्याकडं?"

"येतोय. पाणी प्यायला. दिवसाउजेडी, माझ्या बापाच्या म्होरं."

"आन राती?"

"न्हाय."

"चोरटी कधी कबूल करंल व्हय," येसू म्हणाला.

दादांनी माझं बखोट धरलं आणि घरी आणलं. मारलं नाही. आईला म्हणाले, "हिच्यासाठी स्थळ बघायला लागा," आणि बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडले.

वस्तादांनी बिरूला हाकललं नाही. हाकललं असतं तर बरं झालं असतं, कुठल्यातरी वाटेवर कुणा शहाण्यानं त्याला दवाखाना दाखवला असता. वस्तादांनी त्याला सुधारायला घेतलं. गोठा बंद. दूध दादांनी तालमीच्या पायरीवर नेऊन द्यायचं. रात्री येसूनं दाराला आडवं झोपायचं. आणि पाणी तोडलं. पाण्यानं मांस पातळ होतं, असं त्यांच्या वस्तादांनी त्यांना सांगितलेलं. तहान लागली तर उसाचा रस प्यायचा, थंडाई प्यायची, त्यातली साखर वाढवायची. थंडाई ते स्वतः घोटायचे. स्वतःच्या वाटणीचे बदाम त्यात घालायचे. भिंतीपलीकडून त्यांचा आवाज यायचा, "पी बाळा. एवढं संपीव. माझ्यासाठी संपीव." जनावराला काढा पाजतानासुद्धा माणूस एवढी माया करत नाही. त्या मायेचाच मला जास्त राग येतो. दुष्टपणा असता तर कुणीतरी मध्ये पडलं असतं.

शेजारच्या गावात मैदान होतं त्या दिवशीची दुपार. सगळी तालीम तिकडं गेलेली. बिरूला उभं राहवत नव्हतं म्हणून त्याला मागं ठेवला, आणि पोरगं परत माझ्याकडं येऊ नये म्हणून बाहेरून कडी घातली.

मी शेणी थापत होते. भिंतीच्या झरोक्यातून हाक आली.

"शालन."

त्यानं माझं नाव कधी घेतलं नव्हतं. 'अगं ए' म्हणायचा, नाहीतर नुसताच बोलायला लागायचा.

"शालन, पाणी."

मी हात धुतले नाहीत. हौदातून कळशी भरली, पायरी चढले, कडी काढली आणि आत गेले. तालीम बांधल्यापासून तिथं बाईचं पाऊल पडलं नव्हतं. मला वाटलं होतं काहीतरी होईल. काही झालं नाही. तेल-ताकात मळलेल्या लाल मातीचा गार वास आला, एवढंच.

तो मातीच्या कडेला पडला होता. उशाशी थंडाईचा तांब्या, भरलेला, वर माश्या. गाल आत गेलेले, ओठाला भेगा. श्वास असा चालला होता, लोहाराचा भाता कुणी थांबूच देत नाही तसा. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि कळशी तोंडाला लावली. तो प्यायला. ओकला. परत प्यायला.

"वस्ताद रागवत्याल," तो म्हणाला.

"रागवू देत."

"यात्रा कधी हाय?"

"हाय अजून."

"मग अजून जरा खाल्लं पायजे." थोडा वेळ नुसता श्वास. "उचल मला. तांब्या दे. संपीवतो."

त्याला बसतं करायला मी त्याचा दंड धरला. पैलवानाचा दंड. तो माझ्या मुठीत मावला. माझं बोट बोटाला टेकलं.

मी त्याला तांब्या दिला नाही. रस्त्यावर येऊन ओरडले, गावभर ऐकू जाईल असं. दादा आले. तेवढ्यात मैदानावरून वस्ताद परतत होते, ते धावत आले. मला तालमीच्या दारात बघून येसू काहीतरी बोलला, पण वस्ताद थांबले नाहीत. आत जाऊन त्यांनी बिरूला खांद्यावर घेतलं, आणि घेताना अडखळले. मोठं ओझं उचलायच्या तयारीनं गेले होते. ओझं नव्हतंच.

सरपंचाच्या जीपमध्ये त्याचं डोकं माझ्याच मांडीवर होतं. मला कुणी उतर म्हणालं नाही.

तालुक्याच्या दवाखान्यातला डॉक्टर पोरगेलासा होता. त्यानं बिरूच्या तोंडाजवळ नाक नेलं आणि लगेच बोटात सुई टोचली, लघवी तपासायला पाठवली, हाताला सलाईन लावलं. मग बाहेर येऊन वस्तादांना विचारायला लागला.

"तहान फार लागायची का?"

"व्हय."

"रात्री लघवीला उठायचा?"

"व्हय. चारदा."

"भूक?"

"राक्षसासारखी. दुसऱ्याच्या दुप्पट खायचा."

"आणि खाऊनही वाळत होता."

"व्हय."

"तोंडाला असा वास कधीपासून?"

मी म्हणाले, "लई दिवस झालं."

डॉक्टरनं आमच्या सगळ्यांकडं आळीपाळीनं बघितलं. "सगळंच दिसत होतं की तुम्हाला," तो म्हणाला. "मग आणलं का नाही? साखरेचा आजार आहे याला. अंगातली साखर जिरत नाही. खाल्लेलं सगळं लघवीतून जातं, आणि शरीर स्वतःचंच मांस जाळत बसतं. रोज एक सुई घेतली असती तर खाल्लेलं अंगी लागलं असतं. कुस्तीसुद्धा खेळला असता."

"साखर तर शेठसावकारांना होती," वस्ताद म्हणाले. "म्हाताऱ्यांना होती. एकोणीस वर्साच्या पोराला..."

"पोरांनाही होते. गोड काय देत होता?"

वस्ताद बाकड्यावर बसले. म्हणाले, "सगळंच." त्यानंतर त्यांची मान जी खाली गेली ती गेलीच.

दिवे लागायच्या सुमाराला बिरू गेला. शुद्धीवर आलाच नाही.

त्याच्या आईला निरोप धाडला. मेंढरं कुठल्या शिवारात बसलीत ते शोधण्यात वेळ गेला, ती दुसऱ्या दिवशी सकाळी पोचली. बुटकी, काटक बाई, खांद्यावर घोंगडं. बिरूला तालमीच्या पायरीवर चादर घालून ठेवला होता. तिनं चादर काढली. रडली नाही. बाजारात मेंढीच्या पाठीवर हात फिरवून अंग बघतात तसा तिनं त्याच्या छातीवरून, दंडावरून हात फिरवला.

"ह्यापरीस भरल्याला धाडला हुता मी," ती म्हणाली.

वस्ताद तिच्यासमोर खाली बघत उभे होते.

"काय कमी पडलं, वस्ताद?"

"काय बी कमी पडलं न्हाय, मायाक्का. पोटच्या पोराला घातलं न्हाय त्ये ह्याला घातलं."

"मग अंगी का लागलं न्हाय?"

डॉक्टरनं सांगितलेलं त्यांनी सांगायला हवं होतं. आतून फावड्याचा आवाज येत होता. दोन पोरं पाट्या भरून लाल माती बाहेर आणत होती, रस्त्याकडेला ओतत होती.

"माती का काढत्यात?" मायाक्कानं विचारलं.

"माती बाटली," येसू म्हणाला. "बाई गेली हुती आत."

"कोण बाई?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. एक पोरगं त्या मातीत मरणाला टेकलं त्याचं काही नव्हतं. माझे पाय लागले म्हणून माती बदलायची होती.

ती पायरी उतरून माझ्यासमोर आली. मला वाटलं, आता ही थोबाडीत मारणार. मी गाल पुढं केला.

"वाटंनं लोकं बोलत हुती," ती हळू म्हणाली. "तूच व्हय ती?"

ती अजून जवळ आली.

"खरं हाय का पोरी, लोकं म्हणत्यात त्ये? मी रागवायची न्हाय. ल्हानपणापासनं मेंढरामागं थंडीत निजला, हितं मातीत निजला. कुणी मायेनं जवळ घेतलं असंल तर सांग मला. तेवढंच घिऊन जाती मी."

दादा गोठ्याच्या दारात उभे होते. त्यांनी मान हलवली. नको म्हणून. दोन दिवसांवर मला बघायला पाहुणे यायचे होते. येसू, पोरं, आळीतल्या बायका, सगळे कान देऊन होते.

खरं तर काहीच नव्हतं. हौद होता, चार चेष्टेच्या गोष्टी होत्या. मला तो हवा होता, पण त्याला हे कधी कळलं असेल असं वाटत नाही. तो सदा भुकेत असायचा.

"व्हय, मावशी," मी म्हणाले. "यायचा."

कुणीतरी थुंकलं. दादा आत गेले आणि दार लावलं. ते दार मला पुढं कधी पहिल्यासारखं उघडलं नाही. पाहुणे आले नाहीत, गाव मला सोडावं लागलं. त्याचं मला दुःख नाही. दुःख वेगळ्याच गोष्टीचं आहे. मी 'व्हय' म्हटलं आणि दवाखान्यापासून खाली गेलेली वस्तादांची मान वर आली. त्यांच्या तोंडावरून ओझं उतरताना मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. म्हणजे पोरगीच होती. खुराक नव्हता. डॉक्टरचं बोलणं त्यांनी त्या क्षणी टाकून दिलं आणि माझा शब्द उचलला.

मायाक्कानं माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. तिच्या हातांना लोकरीचा वास होता. आता कुठं तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यात थोडं सुखसुद्धा होतं, देवाशपथ होतं.

"काय द्यायचीस गं त्याला?" तिनं विचारलं. "तुझ्याकडं काय मागायचा त्यो?"

मी तिच्या खांद्यावरून वस्तादांकडं बघितलं, आणि त्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"पाणी."

"आन?"

"आन काय न्हाय, मावशी. नुसतं पाणी मागायचा."

आतलं फावडं थांबलं. वस्तादांनी मान खाली घातली, आणि ती बाई पोराला गाडीत घालून गावाबाहेर जाईपर्यंत त्यांना ती वर करता आली नाही.